क्रूझवर रात्रीच्या जेवणाला काय घालायचं: बॅग भरण्यापासून शेवटच्या रात्रीपर्यंत

क्रूझला निघणाऱ्या आपल्या मंडळींचे कपड्यांच्या बाबतीत दोन टोकांचे घोटाळे होतात. काही जण घरचं लग्न असल्यासारखी बॅग भरतात आणि त्यातले निम्मे कपडे घडी न मोडता परत येतात. काही जण ‘सुट्टीवरच तर चाललोय’ म्हणून हाफ पँट आणि टी-शर्टवर निघतात आणि मुख्य डायनिंग रूमच्या दाराशी त्यांना अडवलं जातं. दोन्हींचं मूळ एकच आहे. कपडे घरच्या कपाटाकडे बघून निवडले जातात, जहाजावरच्या संध्याकाळी कुणी आधी बघत नाही. म्हणून क्रम बदला. आधी रात्री मोजा, मग कपडे काढा.

सिंगापूरहून तीन-चार रात्रींची सफर असो, अमेरिकेत मुलाकडे गेल्यावर फ्लोरिडाहून केलेली कॅरिबियनची फेरी असो की युरोपातली आठवड्याची क्रूझ, पुढचा क्रम सगळीकडे लागू पडतो. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपकडे जाणाऱ्या कॉर्डेलियावर प्रवासी बहुतेक भारतीयच असतात. तिथे साडी, कुर्ता यांबद्दल प्रश्नच येत नाही, पण सामान, इस्त्री आणि शेवटच्या रात्रीबद्दलचे टप्पे तिथेही वाचून जावेत असे आहेत.

टप्पा १: आधी कंपनीचा नियम वाचा, मग रात्री मोजा

प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. रॉयल कॅरिबियनवर कॅज्युअल, स्मार्ट कॅज्युअल आणि फॉर्मल अशा रात्री असतात. कार्निव्हल त्याच नटण्याच्या रात्रीला ‘क्रूझ एलिगंट’ म्हणते, हॉलंड अमेरिका ‘ड्रेसी’ म्हणते, कोस्टावर ‘गाला’ असते. नॉर्वेजियनवर फॉर्मल कपड्यांची सक्ती नाही. व्हर्जिन व्हॉयेजेसवर ड्रेस कोडच नाही, पण एका रात्री सगळं जहाज लाल कपड्यांत असतं आणि आपण एकटेच निळ्या शर्टात उभे राहिलो तर जरा हिरमोड होतो.

सर्वांत कडक क्युनार्ड. त्यांच्या ‘क्वीन मेरी २’ची साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क ही सफर साधारण ७ रात्रींची असते आणि तिच्यात गाला संध्याकाळी येतात. पुरुषांना डिनर जॅकेट किंवा टायसह गडद सूट लागतो. आपापल्या देशाचा औपचारिक पोशाखही तिथे मान्य आहे, म्हणजे बंद गळ्याचा कोट आणि साडी निर्धास्त न्या. काही गाला संध्याकाळींना रंगाचा किंवा मुखवट्याचा विषयही असतो, तोही निघण्यापूर्वी बघून ठेवा.

इतर मोठ्या कंपन्यांवर ३ ते ५ रात्रींच्या सफरीत साधारण एक आणि ७ रात्रींच्या सफरीत दोन फॉर्मल रात्री येतात. त्या कुठे पडतात याचाही अंदाज बांधता येतो. पहिल्या रात्री फॉर्मल जवळजवळ कधीच नसते, कारण सगळ्यांचं सामान केबिनपर्यंत पोहोचलेलं नसतं. शेवटच्या रात्रीही सहसा नसते, कारण बॅगा बांधायच्या असतात. बहुतेकदा ती जहाज दिवसभर समुद्रात असतं त्या दिवशी ठेवतात. दिवसभर बंदरावर पायपीट करून आलेल्या माणसाला सूट चढवायला कुणी सांगत नाही.

आता एक कागद घ्या. रात्र १, रात्र २ असं खाली खाली लिहा, समोर बंदर की समुद्र आणि त्यापुढे कपड्याचा प्रकार. कंपनीच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर बुकिंगनंतर हे बघायला मिळतं.

*तपासा:* टूर कंपनीतर्फे जात असाल तर टूर मॅनेजरला लेखी विचारा. ग्रुपची स्वतःची ‘पारंपरिक पोशाख’ किंवा ‘पांढरे कपडे’ अशी संध्याकाळ असू शकते आणि ती जहाजाच्या वेळापत्रकात दिसत नाही.

टप्पा २: प्रत्येक रात्रीसमोर नेमका कपडा लिहा

*कॅज्युअल रात्र.* इथेच सर्वांत जास्त गफलत होते. कॅज्युअल म्हणजे पोहण्याच्या तलावावरून थेट टेबलावर, असा समज आहे. मुख्य डायनिंग रूममध्ये रात्री पोहण्याचे कपडे, बिनबाह्यांचे बनियनवजा टी-शर्ट, डोक्यावरची क्रिकेट कॅप आणि अनवाणी पाय बहुतेक कंपन्यांना चालत नाहीत. हाफ पँटबाबत नियम वेगवेगळे आहेत. कुठे ती फक्त सकाळ-दुपारपुरती आहे, कुठे कॅज्युअल रात्रीही चालवून घेतात. माझं सरळ सांगणं आहे की रात्रीसाठी हाफ पँट धरूच नका. कॉलरचा टी-शर्ट किंवा शर्ट, न फाटलेली जीन्स किंवा सुती पँट, पायात बंद बूट, एवढ्यावर भागतं. बायकांना कुर्ती-लेगिंग, साधा पंजाबी ड्रेस, मॅक्सी यातलं काहीही.

*स्मार्ट कॅज्युअल.* ऑफिसातल्या महत्त्वाच्या मीटिंगला जे घालाल ते. पुरुषांना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि फॉर्मल किंवा चिनो पँट; कोट हवाच असं नाही. खादीचा किंवा लिननचा कुर्ता आणि वर नेहरू जॅकेट इथे फार शोभून दिसतं. बायकांना सुती-सिल्क साडी, अनारकली, पलाझो सूट.

*फॉर्मल, गाला, एलिगंट.* पुरुषांसाठी माझी पहिली पसंती बंद गळ्याच्या कोटाला आहे. टाय लागत नाही, शर्टाच्या कॉलरची इस्त्री दिसत नाही आणि काळा किंवा गडद निळा कोट दोन्ही फॉर्मल रात्री खपून जातो. ज्याच्याकडे चांगला सूट आहे त्याने तोच न्यावा, केवळ क्रूझसाठी नवा शिवू नये. शेरवानी चालते, पण भरजरी शेरवानीचं वजन विमानाच्या बॅगेत तुमच्याच नावावर पडतं.

बायकांसाठी साडी म्हणजे प्रश्नच संपला. परदेशी प्रवाशांनी भरलेल्या डायनिंग रूममध्ये साडीला फॉर्मल पोशाखाचा पूर्ण मान मिळतो. जॉर्जेट, क्रेप, शिफॉन या साड्या प्रवासाला उत्तम, बॅगेतून काढून थोडा वेळ टांगल्या की सरळ होतात. पैठणी किंवा कांजीवरम न्यायची तर एकच न्या. चंदेरी आणि ऑर्गंझा दिसायला सुंदर, पण एकदा चुरगळल्या की इस्त्रीशिवाय सावरत नाहीत आणि इस्त्रीची जहाजावर काय अडचण आहे ते पुढे येतंच.

ज्येष्ठांबद्दल मुलं उगाच काळजी करतात. आजींची रोजच्या नेसण्यातली स्वच्छ नऊवारी, आजोबांचा पांढराशुभ्र सदरा-लेंगा आणि वर जॅकेट हा औपचारिकच पोशाख आहे. त्यांना पँट-शर्टात कोंबू नका. फक्त पायात नीट बसणारं काहीतरी हवं.

*सावधान:* कोल्हापुरी चप्पल आपल्या दृष्टीने सणाची असते, पण दारावरच्या माणसाला ती पुरुषाच्या पायातली उघडी चप्पल दिसते. कुर्त्याखाली मोजडी किंवा चामडी बूट घाला, वादाला जागाच राहत नाही.

लहान मुलांना कॉलरचा शर्ट आणि लांब पँट, फ्रॉक किंवा परकर-पोलकं पुरे. त्यांच्यासाठी सूट शिवून घेण्यात अर्थ नाही. बहुतेक मुलं जेवण अर्ध्यावर सोडून किड्स क्लबकडे पळतात.

पैसे भरून जायची खास रेस्टॉरंट्स, म्हणजे स्टेकहाउस, इटालियन वगैरे, यांचे नियम त्या रात्रीच्या ड्रेस कोडपेक्षा वेगळे असू शकतात. टेबल राखून ठेवताना तेवढं विचारा.

टप्पा ३: बॅग अशी भरा

कागदावरच्या रात्री झाल्या की वरून एक नियम लावा: एका माणसाचा प्रत्येक खालचा कपडा किमान दोन रात्री वापरला गेला पाहिजे. एक काळी पँट, एक बेज पँट, तीन शर्ट आणि एक बंद गळा यात पुरुषाच्या ७ रात्री निघतात. बायकांना सात रात्रींना सात साड्या लागत नाहीत. एक साडी दोन वेगळ्या ब्लाउजवर नेसली, तर फोटोतही दुसरी वाटते. त्याच टेबलावरचे तेच लोक बघतील ही भीती मनातून काढून टाका.

बंद गळा किंवा कोट घडी करण्याची पद्धत नीट समजून घ्या. कोट पालथा धरा. एक खांदा आतून बाहेर काढून उलटा करा. दुसरा खांदा सुलटाच ठेवून त्या उलट्या खांद्याच्या आत बसवा, म्हणजे दोन्ही बाह्या एकात एक जातात आणि अस्तर बाहेर येतं. आता लांबीत एकदाच दुमडा आणि धोब्याकडून आलेल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीत सरकवा. प्लास्टिकमुळे कापड आतल्या आत घसरतं आणि चुणी पक्की बसत नाही. बॅगेत तो सर्वांत वर.

साडीचं सगळं एकाच पिशवीत बांधा: साडी, त्याच साडीचा परकर, ब्लाउज आणि पिना. परकर घरी राहिला ही तक्रार क्रूझवरच्या बायकांच्या बोलण्यात वारंवार येते, आणि परकर काही जहाजावरच्या दुकानात मिळत नाही. सिल्कची जुनी घडी मोडून नवी घाला आणि मध्ये मलमलचं कापड ठेवा.

याशिवाय तीन वस्तू हव्यातच. एक शाल किंवा स्टोल, कारण डायनिंग रूम आणि थिएटरचा एसी अंगाला झोंबतो, मग बाहेर कॅरिबियनचं ऊन का असेना. लहान-मोठ्या सेफ्टी पिनांची डबी. आणि लोहचुंबकाचे हुक. बहुतेक जहाजांवर केबिनच्या भिंती पत्र्याच्या असतात आणि कपाट लहान. भिंतीवर चार हुक लावले की दोन साड्या, एक कोट आणि पर्स सुटसुटीत टांगता येते.

दागिन्यांत एक हलका सेट पुरे. केबिनची तिजोरी छोटी असते आणि खऱ्या सोन्याच्या काळजीत जेवणाची चव जाते.

*सावधान:* घरची इस्त्री किंवा कपड्यांचा स्टीमर बॅगेत टाकू नका. आगीच्या धोक्यामुळे केबिनमध्ये दोन्हींना बंदी आहे. चढताना बॅगा एक्स-रेमधून जातात, वस्तू काढून घेतली जाते आणि तुमची बॅगही अडकून उशिरा मिळते. मेणबत्ती आणि उदबत्तीही नको.

टप्पा ४: चढण्याच्या दिवशी पहिल्या रात्रीचे कपडे हातात

बंदरावर तुम्ही मोठ्या बॅगा हमालांच्या ताब्यात देता, त्यांवर केबिनचा क्रमांक असलेली पट्टी असते, आणि त्या तुमच्या दाराशी कधी येतील ते सांगता येत नाही. दुपारी येतील, कधी जहाज सुटल्यावर संध्याकाळी. लवकरची जेवणाची पाळी घेतली असेल तर ती साडेपाच-सहालाच सुरू होते. अंगावर प्रवासातला चुरगळलेला टी-शर्ट आणि बॅग अजून कुठेतरी खालच्या डेकवर, अशी वेळ दर सफरीत अनेकांवर येते.

म्हणून खांद्यावरच्या पिशवीत घरातल्या प्रत्येकाचा एक रात्रीचा जोड ठेवा. पहिली रात्र कॅज्युअल असते, तेव्हा न चुरगळणारा शर्ट, पँट, एखादी कुर्ती एवढंच. सोबत औषधं, पासपोर्ट, चष्मा आणि साडीच्या पिना. विमानाने येऊन त्याच दिवशी जहाज गाठणार असाल तर फॉर्मल रात्रीचा कोट किंवा साडीसुद्धा केबिन बॅगेत घ्या. विमान कंपनीकडून बॅग हरवली, तर जहाज तिच्यासाठी थांबत नाही. केबिन बॅगेला अनेक विमान कंपन्यांवर ७ किलोची मर्यादा असते, तेवढ्यात एक कोट आणि एक जॉर्जेट सहज बसते.

*तपासा:* केबिनच्या पट्ट्या घरीच छापून घ्यायच्या असतात की बंदरावर मिळतात, हे आदल्या आठवड्यात बघा. पट्टी नसलेली बॅग सर्वांत शेवटी येते.

टप्पा ५: बॅग आली की लगेच टांगा, मग चुण्यांचं बघा

बॅग हातात आल्यावर आधी फिरायला जाऊ नका, दहा मिनिटं द्या. फॉर्मल कपडे काढा, टांगा. मग बाथरूममध्ये गरम पाण्याचा शॉवर पाच मिनिटं सोडून वाफ धरा, पाणी बंद करा आणि कोट किंवा साडी आत टांगून दार लावून घ्या. जॉर्जेट, क्रेप आणि लोकरी मिश्रणाचा कोट याने चांगले उतरतात. सुती शर्टाच्या कॉलरवर याचा फारसा उपयोग होत नाही. सिल्कवर पाण्याचे थेंब उडू देऊ नका, डाग राहतात.

त्यानेही भागलं नाही तर दोन वाटा. प्रिन्सेस, कार्निव्हल, क्युनार्ड अशा काही कंपन्यांच्या बहुतेक जहाजांवर प्रवाशांसाठी कपडे धुण्याची खोली असते आणि तिथे इस्त्रीही असते. रॉयल कॅरिबियनवर अशी खोली नाही. तिथे कपाटातल्या पिशवीत कपडा घालून, छापील चिठ्ठी भरून केबिन सांभाळणाऱ्या माणसाकडे द्यायचा आणि इस्त्रीचे पैसे मोजायचे. फॉर्मल रात्र बहुधा दुसऱ्याच दिवशी असते, हे लक्षात घ्या. म्हणजे कपडा पहिल्या संध्याकाळीच गेला पाहिजे. दुसऱ्या दिवशी दुपारी दिला, तर तो रात्रीच्या जेवणानंतर परत येईल.

*सावधान:* भरजरी साडी जहाजावरच्या इस्त्रीला देऊ नका. जरीला किती गरम चालतं हे तिथल्या माणसाला ठाऊक असेलच असं नाही.

टप्पा ६: तयार होण्याचा क्रम

एका केबिनमध्ये चार माणसं, एक बाथरूम, एक मोठा आरसा. इथे क्रम चुकला की सगळ्यांची चिडचिड होते आणि साडी घाईत नेसली जाते. जमलेला क्रम असा:

१. जेवणाच्या वेळेच्या दीड तास आधी सगळ्यांच्या आंघोळी उरका. जहाज बंदरातून सुटायच्या वेळी सगळेच प्रवासी आंघोळीला धावतात, त्याआधी आटोपलं तर बरं.

२. पुरुषांनी आधी कपडे करून बाहेर पडावं. केबिनमध्ये उभं राहायला जागाच तेवढी असते.

३. मग साडी. नेसण्यापूर्वी पायात जी पादत्राणं घालून जेवायला जायचं तीच घाला. जहाजावर जिने बरेच चढावे-उतरावे लागतात आणि उघड्या डेकच्या दाराशी उंबरा उंच असतो, म्हणून साडी घरच्यापेक्षा बोटभर वर नेसा. निऱ्या एकत्र धरून आतून परकराला मोठी पिन लावा, म्हणजे जहाज हललं तरी निऱ्या पायात येत नाहीत. पदर खांद्यावर ब्लाउजला पिन करा आणि घड्या घातलेला ठेवा. मोकळा सोडलेला पदर डेकवरच्या वाऱ्यात फोटोपुरता छान दिसतो आणि लगेच कुणाच्या तरी चष्म्यात अडकतो.

४. मुलं सर्वांत शेवटी. आधी तयार केलेलं मूल जेवणापर्यंत स्वच्छ राहत नाही.

टाच बारीक असलेल्या चपला टाळा. रुंद टाच किंवा सपाट. समुद्र थोडा जरी खवळला तरी जेवणाच्या टेबलांमधून चालताना हाच फरक पडतो.

फॉर्मल रात्री मधल्या दालनात जहाजाचे फोटोग्राफर पडदे लावून उभे असतात. फोटो काढून घ्यायला पैसे पडत नाहीत, त्याची प्रत विकत घ्यायला पडतात. जेवणाआधी वीस मिनिटं निघालात तर रांग लहान मिळते आणि लिपस्टिकही शाबूत असते.

टप्पा ७: दाराशी, आणि नटायचं नसेल तर

मुख्य डायनिंग रूमच्या दाराशी वाढप्यांचा प्रमुख किंवा त्याचा सहकारी उभा असतो. कॅप हातात घ्या, गॉगल खाली ठेवा. अडवलंच तर हुज्जत घालू नका. तो नियम पाळतोय. केबिनमध्ये जाऊन कपडे बदलून या, टेबल तुमचंच राहतं. फक्त पाळी ठरलेली असेल तर वेळ बघा.

आणि ज्या रात्री नटायचा कंटाळा आला, त्या रात्री नटू नका. वरच्या डेकवरचा बुफे बहुतेक जहाजांवर फॉर्मल रात्रीही साध्या कपड्यांना खुला असतो. क्युनार्डवरसुद्धा गाला संध्याकाळी बुफे आणि काही ठराविक जागा साध्या कपड्यांतल्या प्रवाशांसाठी ठेवलेल्या असतात. मात्र तिथेही अनवाणी आणि ओल्या कपड्यांत नको.

*तपासा:* फॉर्मल रात्री बुफेत जायचं ठरवलंत तर त्या रात्रीचा डायनिंग रूमचा मेन्यू आधी बघा. अनेक जहाजांवर त्या रात्री जेवण खास असतं. शाकाहारी, जैन जेवण सांगून ठेवलं असेल तर ते बहुधा डायनिंग रूमच्याच स्वयंपाकघरातून येतं, न गेल्यास आदल्या रात्री कळवा.

टप्पा ८: शेवटची रात्र

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनच्या बाहेर ठेवायच्या असतात. वेळ छापून येते, साधारण रात्री दहा-अकराच्या सुमारास. त्या रात्रीतच खाली नेल्या जातात आणि तुम्हाला थेट बंदरावर मिळतात. जेवणाचे कपडे बदलून बॅगेत टाकले, बॅग बाहेर गेली, आणि सकाळी घालायला फक्त रात्रीचा गाउन आणि जहाजाच्या स्लिपर उरल्या, असं दरवेळी कुणाचं ना कुणाचं होतं.

जेवणाला जाण्यापूर्वीच दुसऱ्या दिवशीचा पूर्ण जोड पलंगावर काढून ठेवा: अंतर्वस्त्रं, मोजे, बूट, अंगातला स्वेटर. शेवटच्या जेवणाला तोच शर्ट-पँट किंवा पंजाबी ड्रेस घाला जो सकाळी उतरतानाही चालेल. जेवून आल्यावर बॅगेत जायला एकच वस्तू उरावी, ती म्हणजे पादत्राणं, आणि तीही दुसरा जोड बाहेर आहे याची खात्री करूनच. ओले पोहण्याचे कपडे वेगळ्या पिशवीत बांधा, नाहीतर साडीला वास लागतो. हुक भिंतीवरून काढा. तिजोरी उघडून बघा.